पाय धुवायचं पाणी

कुंभकोणम्, १२ मार्च २०२५

चि. विष्णू,

तुझ्या ऑफिसातला साईकुमार मला म्हणाला, "अम्मा, जे काही असेल ते लिहून द्या, कौन्सिलर सर बघतील." म्हणून लिहून देते आहे. तमिळमध्ये लिहिलं तर ते साईकुमार वाचणार, तुला दोन ओळींत सांगणार आणि त्या दोन ओळींत माझा राग गळून जाणार. मराठी त्याला वाचता येत नाही. भजनाच्या पोथ्यांमुळे त्या ऑफिसात देवनागरी वाचता येते ती फक्त तुला, तेव्हा हे पत्र तुलाच उघडावं लागेल. आपल्या घरच्या तंजावरी बोलीपुढे माझी मराठी पुस्तकी आहे म्हणून तू नेहमी हसतोस. सोलापुरात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये संसार केला की ती तशी होते. काय हसायचं ते हसून घे आणि पुढे वाच.

आपल्या गल्लीतल्या नळाला वास येतो. पोंगल झाल्यापासून येतो आहे. पहाटे पाणी सुटलं की आधी पिवळट येतं, मग जरा निवळतं, पण वास जात नाही. हंडा उन्हात ठेवला तर तळाशी गाळ बसतो. कसला वास ते मी पत्रात लिहिणार नाही, तुला कळलं असेल.

तू निवडून आल्यावर आपल्या गल्लीत भुयारी गटार टाकलं, आणि गेल्या दिवाळीच्या आधी त्यावर काँक्रीटचा रस्ता केला. रस्ता छान झाला आहे, नाही म्हणत नाही. गल्लीच्या तोंडाशी काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत तुझं नाव आहे, आणि पहिले काही दिवस मी येता-जाता ते पदरानं पुसलंसुद्धा. पण त्या रस्त्याखाली गटाराच्या नळीला लागूनच पिण्याच्या पाण्याची जुनी नळी जाते. त्या दोन्ही कुठेतरी फुटल्या आहेत. एवढं कळायला इंजिनिअर लागत नाही, नाक पुरतं.

गेल्या महिन्यात पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापुढे आम्ही सगळे जमलो होतो, तेव्हा तू काय म्हणालास ते आठवतं का? "तापवून प्या. आपल्या आज्या थेट नदीचं पाणी पीत होत्या, त्यांना काय झालं?" लोक हसले. तू बोलतोसच असा की हसू येतं. मग भुवनेश्वरी उठली. माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी, केळीची पानं विकून एकटीनं मुलगी वाढवणारी ती भुवनेश्वरी, जिच्या दारात मत मागायला मीच तुला घेऊन गेले होते. ती म्हणाली, माझ्या सुष्मिताला कावीळ झाली आहे, डॉक्टर पाण्यातून म्हणतात. तू म्हणालास, "बारावीची परीक्षा आली की पोरं बाहेरचं अरबट-चरबट खातात, नाव पाण्यावर घालतात." आणि घड्याळ बघितलंस.

त्या वेळी कुणी हसलं नाही. तू तोवर गाडीत बसला होतास.

तमिळमध्ये रीतसर अर्ज दिला आहे, सगळ्यांच्या सह्या आहेत. तो फायलीत गेला असेल. हे पत्र मात्र फायलीसाठी नाही. तू ये, आणि नळाखाली ओंजळ धरून ती नाकाशी ने. एवढंच माझं मागणं आहे. तू चोळपुरम् रस्त्याकडच्या नव्या घरात राहायला गेलास, तिथे तुझ्या बोअरचं गोड पाणी आहे, म्हणून तुला माहीत नाही असं मी अजून धरून चालले आहे.

तुझी अक्का
वत्सला


३० मार्च २०२५

विष्णू,

तू आला नाहीस. तुझ्याऐवजी पाण्याचा कॅन आला.

साईकुमार स्कूटरवर कॅन बांधून आला आणि बाकीची घरं सोडून माझ्याच दाराशी थांबला. "सरांनी अम्मांसाठी पाठवला आहे. दर आठवड्याला येईल." समोर मीनाक्षीबाई तिच्या ओट्यावर जपमाळ घेऊन बसली होती. गल्लीतली सगळ्यांत म्हातारी, आपल्या अप्पांच्या मागे टाळ धरणारी बाई. ती माळ हातात धरून बघत राहिली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

कॅन मी भुवनेश्वरीच्या घरात ठेवायला लावला. पोरीला हवं उकळलेलं स्वच्छ पाणी. तिची परीक्षा बुडाली, विष्णू. पहिल्या पेपराला उलट्या करत गेली आणि अर्ध्यातून परत आली. आता जूनमध्ये पुन्हा बसेल म्हणते. रोज संध्याकाळी भुवनेश्वरी तिला ओट्यावर आणून बसवते, आणि ती पोर उजेडाकडे डोळे किलकिले करून पुस्तक धरते. ती बाहेरचं काही खात नव्हती. आईनं डब्यात दिलेला दहीभात खात होती, तोही आमच्याच नळाच्या पाण्यात शिजलेला.

साईकुमारनं मला फोनवर एक कागद दाखवला. पाणी तपासून झालं, पिण्यास योग्य आहे, असा त्यावर शिक्का होता. मी विचारलं, "पाणी कुठून घेतलंत?" तो म्हणाला, "टाकीवरून." टाकीचं पाणी चांगलंच असणार रे. टाकी उंचावर आहे आणि गटार आमच्या पायांखाली. हे मी साईकुमारला सांगितलं तर तो बिचारा ओशाळला. तो कुणाचा तरी मुलगा आहे, त्याच्यावर कशाला ओरडू?

मला वेगळा कॅन कशाला पाठवलास? मी ठणठणीत आहे. उन्हाळा लागला की अन्नावरची वासना जाते, तेवढंच. तेल-तूप बंद केलं आहे, या वयात बरंच असतं ते. भजनाला आले नाही त्याचं कारण पाय दुखत होते, दुसरं काही मनात आणू नकोस. श्रीविद्याला सांग, नणंदेला बघायला डबा घेऊन येण्याची गरज नाही. तुझ्या बायकोचा स्वयंपाक चांगला असतो, पण सध्या मला जड जातो.

मला कॅन नको, गल्लीला पाणी हवं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तुला तो फरक कळत नाही असं मानायला मी तयार नाही.

वत्सला


८ मे २०२५

विष्णू,

सोमवारी आम्ही तुझ्या ऑफिसात आलो होतो. तक्रारी ऐकायचा दिवस आहे असं पाटीवर लिहिलं आहे. आम्ही बाकावर बसलो, बाक भरला तेव्हा जिन्यावर बसलो. मीनाक्षीबाईला मी नको म्हणत होते, तरी ती काठी टेकत आली. येताना तिनं एका बाटलीत नळाचं पाणी आणलं होतं आणि बाटलीचं तोंड फडक्यानं बांधलं होतं, कारण रिक्षावाला कुरकुरत होता.

तू मागच्या दारानं निघालास, म्हणून आम्ही मागे आलो. गाडीची काच खाली करून तू माझ्याशी आपल्या बोलीत बोललास, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. "अक्का, घरचें घरांत बोलावें. असकी गल्लीला घेऊन कशाला आलीस?" घरचं म्हणजे काय रे? भुवनेश्वरीचा नळ माझ्या घरचा आहे का? मग त्यांच्याकडे वळून तमिळमध्ये म्हणालास की, नवा रस्ता लगेच फोडला तर लोक हसतील, पावसाळा होऊ दे, मग बघू. मीनाक्षीबाईनं बाटली पुढे केली. तू ती हातात घेतली नाहीस. म्हणालास, "आजी, वासानं कुणी मरत नाही." आणि काच वर गेली.

मीनाक्षीबाईनं तुला न्हाऊ-माखू घातलं आहे. परतताना रिक्षात ती एकदाच बोलली. "चांगलें आहे, त्याचा अप्पा नाहीं आतां," म्हणाली, आणि बाटली मांडीवर धरून बसली.

आमच्या गल्लीची एक चूक झाली, ती सांगून टाकते. तू उत्सवात अप्पांचं पात्र खांद्याला लावून दारोदार गात फिरतोस, तेव्हा लोकांना वाटलं की जो माणूस आपल्या दाराशी तांदळासाठी हात पसरतो, तो आपल्यावर कशाला उखडेल. त्या भरवशावर मतं पडली. तुझ्या पक्षाचं नाव कुणी धड विचारलंही नाही. म्हणूनच पहिले काही आठवडे कुणी अर्जही लिहिला नाही. सगळे म्हणायचे, आपलाच माणूस आहे, उत्सवात दाराशी आला की सांगू.

आता रविवारी रुक्मिणीकल्याण आहे, देवाचं लग्न, आणि सकाळी उंछवृत्ती, तुझी ती दारोदार तांदळाची फेरी. सेतुराम मामा मला विचारायला आले होते. आता भजनाची मंडळी तेच चालवतात, गळा गेला तरी ताल सोडलेला नाही. त्यांनी विचारलं, पात्र विष्णूच घेणार ना? मी म्हटलं, घेऊ दे. अप्पांनी त्याला दिलं आहे, मी काढून घेणारी कोण? पण एक गोष्ट आम्ही ठरवली आहे आणि ती तुला आधीच कळवते. पाठीमागून काही करायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं आहे.

दर वर्षी तू दाराशी आलास की घरची बाई तुझ्या पायांवर पाणी घालते, पाय पुसते, हळदकुंकू लावते, मग पात्रात तांदूळ घालते. ते पाणी डोक्यावर शिंपडून घ्यायचं, जुनी माणसं तीर्थ म्हणून घोटही घेतात. गेल्या वर्षीपर्यंत सगळ्यांनी त्यासाठी गल्लीमागच्या विहिरीचं पाणी आणून ठेवलं, देवाचं काम म्हणून; रोजच्याला ती विहीर पुरत नाही. यंदा आम्ही नळाचं पाणी घेणार. जे आम्ही पितो तेच. यात देवाचा अपमान होतो का, असं मी सेतुराम मामांना विचारलं. ते पंच्यानं कपाळ पुसत म्हणाले, "जें पाणी लेकरांना देतों, तें भागवताच्या पायांवर घातलें तर अपमान कसला?"

घोट कुणी घ्यायचा नाही, हेही मी घरोघर सांगून आले आहे. फक्त शिंपडायचं.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, कुणी काही म्हणणार नाही. यायचं असेल तर हे सगळं ठाऊक असून ये.

वत्सला


१२ मे २०२५

विष्णू,

साईकुमार काल संध्याकाळी पात्र न्यायला आला होता. मी पात्र दिलं नाही. त्याला पाणी विचारलं, तो नको म्हणाला, आणि मग आमचा दोघांचाही चेहरा पडला. जाता जाता त्यानं सांगितलं की माझी तिन्ही पत्रं तुझ्या टेबलाच्या खणात तशीच बंद आहेत. "सर म्हणाले, बहिणीची घरगुती पत्रं आहेत, सवडीनं वाचतो." हे पत्र तो तुझ्यासमोर उघडून ठेवेल, तसा शब्द दिला आहे त्यानं.

म्हणजे काल तू काही ठाऊक नसताना आलास. याचं मला वाईट वाटतं, आणि रागही येतो. दोन्ही एकदमच येतात.

काल जे झालं ते तू पाहिलंस असं तुला वाटत असेल. तू पाहिलं नाहीस. तू तंबोऱ्याकडे बघत होतास. म्हणून मी सांगते.

पहिलं दार मीनाक्षीबाईचं. तिनं तुझ्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं, आणि तुझे पाय जरा मागे सरले. वास तुला तिथेच आला. मी ओट्यावरून बघत होते, तुझ्या कपाळावर आठी पडली आणि तू वरची पट्टी धरलीस. मीनाक्षीबाईनं तांदूळ घातले. मग खाली परातीत साचलेलं पाणी तिनं ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्यायली. मी तिला बजावून सांगितलं होतं. नंतर विचारलं तर म्हणते, "तीर्थ तें तीर्थ गे. जन्मभर घेतलें, आतां या वयांत टाकूं?" ती काही तुला धडा शिकवायला प्यायली नाही. तिनं मनापासून घेतलं. आणि तू, तुला ठाऊक होतं ते कसलं पाणी आहे, तरी तू पुढचं कडवं घेतलंस.

मग एकेक दार, समोरच्या रांगेनं आत आणि आमच्या रांगेनं परत. वास तर पुरता बसला होता. सेतुराम मामांचा ताल दोनदा चुकला. कुणी तुला शब्दानं बोललं नाही, सगळ्यांनी पाय पुसून कुंकू लावलं, नमस्कार केला. भुवनेश्वरीचं दार आलं. ती आपल्यातली नाही, तिला आपले अभंग कळत नाहीत, तरी दर वर्षी ती ओट्यावर कोलमची रांगोळी काढून तांदळाचं ताट घेऊन उभी असते. तिनं तुझे पाय धुतले. सुष्मिता खुर्चीवर बसली होती, अंगात नुसती हाडं. भुवनेश्वरीनं तुला तमिळमध्ये विचारलं, "हे पाणी पोरीला देऊ का, बरी होईल का?" ती उपरोधानं बोलत नव्हती, विष्णू. आईला वाटतं, कशानंही बरं व्हावं. तू मान हलवलीस. हो की नाही ते कुणालाच कळलं नाही. भुवनेश्वरीनं दोन थेंब पोरीच्या ओठांना लावले. तू तंबोरा कानाशी घेतलास.

मग तू माझ्या दाराशी आलास.

मी पाणी घातलं तेव्हा तू खाली वाकून हळूच म्हणालास, "अक्का, दुसरें पाणी नाहीं का?" मी म्हटलं, "हेंच आहे. तूंच चांगलें म्हणालास." मी पाय पुसले. तुझ्या उजव्या अंगठ्याला लहानपणी कोयता लागला होता, तो वण अजून आहे. मग मी ओंजळ भरली. खरं सांगते, मी ती पिणार नव्हते. दुसऱ्यांना नको म्हणून सांगणारी मीच होते. पण मीनाक्षीबाई प्यायली होती आणि त्या पोरीच्या ओठांना ते लागलं होतं, आणि मी एकटी शहाणी होऊन नुसतं शिंपडून आत जायचं, हे मला जमेना. ओंजळ तोंडाशी नेली.

तू माझं मनगट धरलंस. तंबोरा तुझ्या हातून सुटला तो सेतुराम मामांनी झेलला. "पिऊं नको गे अक्का, तें पाणी वाईट आहे. पिऊं नको." मग तू माझ्या डोळ्यांकडे पाहिलंस.

हो, मलाही कावीळ झाली आहे. सुष्मिताच्या मागोमाग. अंगात ताप होता, पाय दुखण्याचं निमित्त केलं होतं. डोळे तू पाहिलेस, आता लपवून काय करू. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी रस्ता फोडला असतास, आणि गल्ली म्हणाली असती, कौन्सिलरच्या बहिणीला झालं म्हणून नळ दुरुस्त झाला. ते मला नको होतं. भुवनेश्वरीची पोर आजारी आहे, एवढं कारण तुला पुरायला हवं होतं.

तू बोललास तेव्हा टाळ थांबले होते. आपल्यातल्या सगळ्यांना कळलं. बाकीचे माझ्याकडे बघू लागले, आणि भुवनेश्वरीनं विचारलं, काय म्हणाले? तू माझ्याकडे पाहिलंस. सांगू नको, असंच ते पाहणं होतं. मी तमिळमध्ये सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. तू पात्र माझ्या उंबऱ्यावर ठेवलंस आणि तसाच ओल्या पायांनी निघून गेलास.

काल रात्रभर माझ्या मनगटावर तुझी बोटं होती. लहानपणी कावेरीच्या पायऱ्यांवर मी तुझं मनगट तसंच धरत असे. मला भरून आलं, ते कबूल करते. माझा भाऊ मला मरू देणार नाही हे मला कळलं. पण मग दुसरी गोष्ट कळली, आणि ती आता निघता निघत नाही. मला तू थांबवलंस. मीनाक्षीबाईला तू थांबवलं नाहीस. त्या पोरीच्या ओठांपासून तिच्या आईचा हात तू मागे घेतला नाहीस. माझ्या दारापर्यंत येईतो ते पाणी तुझ्या लेखी चांगलं होतं.

त्यांनीही तुलाच मत दिलं आहे, विष्णू.

पात्र माझ्याकडे देवापुढे आहे. तांदूळ सेतुराम मामांनी कल्याणाच्या नैवेद्याला नेले, ते विहिरीच्या पाण्यात शिजले. पात्र न्यायला तू स्वतः ये. पण थेट माझ्या दाराशी येऊ नकोस. गल्लीच्या तोंडापासून ये, तुझ्या नावाचा दगड आहे तिथून. मला जे सांगितलंस ते प्रत्येक दारात सांगत ये, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत. वर्षानुवर्षं त्या दारांवरून तांदूळ नेलेस. आता हे दे.

ते जमणार नसेल तर पात्र राहू दे. मी रोज घासून ठेवीन.

अक्का


२५ मे २०२५, रविवार

विष्णू,

हे पत्र साईकुमारकडे द्यायचं नाही. हातात देईन, किंवा देणारही नाही.

तू आल्याचं मला आवाजानं कळलं नाही. गल्लीत एकदम गप्प झालं, त्यानं कळलं. खिडकीतून पाहिलं तर तू मीनाक्षीबाईच्या ओट्याखाली उभा. गाडी नाही, साईकुमार नाही. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. दार बंद होतं. ती आत भांडी घासत होती. मला आवाज येत होता, म्हणजे तुलाही येत असणार. तिनं सगळी भांडी घासली, पालथी घातली, मग दार उघडलं. तू तोवर उन्हात उभा होतास आणि दुसऱ्या दाराकडे वळला नाहीस.

तू काय बोललास ते मला पुरतं ऐकू आलं नाही. तिचं आलं. "कां रे, पोरा, त्या दिवशीं कां नाहीं सांगितलेंस?" तिनं तुला आत घेतलं नाही, पण दारही लावलं नाही. ती ओट्यावर बसली आणि तू पुढे गेलास तसा तुझ्यावर डोळा ठेवून राहिली.

पुढच्या घरांतलं थोडं थोडं ऐकू आलं. कौन्सिलच्या गुरुवारच्या सभेत तू रस्ता फोडायचं मांडणार आहेस. तोवर नळाचं पाणी कुणी तोंडाला लावायचं नाही, टँकर येईल. एका घरात आवाज चढले, तुझा नाही, त्यांचा. तू हात जोडून उभा होतास. मला वाटलं जावं आणि म्हणावं, पुरे झालं, तो माझा भाऊ आहे. उठलेसुद्धा. म्हणून हे लिहायला बसले आहे, हात कशात तरी गुंतलेला असावा म्हणून. नाहीतर मी अर्ध्या वाटेत येऊन तुला घरी घेऊन आले असते, आणि मग बाकीची दारं राहिली असती.

गुरुवारी आम्ही सगळे सभेला येऊन मागे बसणार आहोत. तू बोलतोस की नाही ते बघायला. हे तुला घाबरवायला सांगत नाही. आम्ही येणार, एवढंच तुला माहीत असू दे.

आता तू भुवनेश्वरीच्या दारात आहेस. तिथे बराच वेळ लागतो आहे. भिंतीपलीकडून तुझा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. सुष्मिता काहीतरी विचारते आहे. तू पुन्हा पुन्हा तेच सांगतो आहेस. आता तूही थांबलास, आणि भुवनेश्वरी रडते आहे.

यानंतर माझं दार आहे. पात्र घासून उंबऱ्याच्या आत ठेवलं आहे. तुझे पाय धुळीनं भरले असतील, म्हणून तांब्यात पाणी काढून ठेवलं आहे. विहिरीचं आहे. नळाचं वापरायचं नाही, असं तूच सांगत येतो आहेस.